पाल

हांबुर्गच्या दुकानात ब्रुनोनला विचारलं होतं म्हणे,
घरी टीव्ही कोणत्या जातीचा?
खलाशी माणूस. जर्मन यायचं ते बंदरापुरतं.
तो म्हणाला, या, या,
दारात पाहुणे उभे असावेत तसा,
आणि तीन महिन्यांचा भत्ता मोजून
खोकं बगलेत मारून बोटीवर चढला.

गदिन्यात, चौथ्या मजल्यावर,
रुबिनच्या पाठीत वायर खुपसली.
रुबिन मॉस्कोचा, वासराएवढा जड,
तापला की खोलीला वार्निशचा वास.
चित्र आलं.
करडं.
आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर,
तव्यावर हेरिंग पडावी तशी.

शेजारच्या जिन्यातले कोंकोलकाका आले,
मागचं झाकण काढून बराच वेळ आत बघत राहिले.
घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना कळलं होतं,
सांगायचं कसं ते कळत नव्हतं.
यंत्र पाल आहे, म्हणाले, टीव्ही सेकाम.
रंग येतोय इथपर्यंत, याला तो वाचता येत नाही.
आवाजही एक थांबा आधीच उतरतोय,
हा पुढच्या थांब्यावर वाट बघत उभा.
दोघांचंही काही चुकत नाही.

(आईबाबांबद्दलही त्या घरात
हेच वाक्य बोललं जायचं.)

डिकोडर मिळाला की बसवू, उन्हाळ्यात.
उन्हाळे आले.

ओतिल्या नऊची, गेरार्ड सहाचा.
खेळात दोन दारं, एक तारणारं, एक मारणारं,
कोणतं कुठलं ते फक्त रंग सांगणार,
आणि रंग तर रुबिनच्या उंबऱ्यावर ताटकळलेला.
मग चौकटीच्या वहीत त्यांनीच रंग ठरवले.
ती म्हणाली तारणारं हिरवं, तो म्हणाला लाल.
एक दात पडला त्या भांडणात, तसा तो हलतच होता.
शेवटी तह झाला :
सोमवार ते बुधवार हिरवं,
नंतर लाल,
रविवारी चर्चहून येईपर्यंत बिनरंगी.

आवाजाचं खातं गेरार्डकडे.
उडीला टुक. किल्लीला टिर्रिंग.
मेलं की तो स्वतःच
पलंगावरून खाली.

आईची खोली रिकामी करताना ते खोकं निघालं.
ओतिल्याचे केस आता खरोखरचे करडे.
तिचा नवा मॉनिटर, पातळ, पापडासारखा,
निळ्या चौकटीत एवढंच म्हणाला :
मर्यादेबाहेर.
तुझ्या मर्यादा कुणी विचारल्या होत्या,
ती मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या घरात.

वेइहेरोवोहून तिमोन नावाचा पोरगा
जुना, पोट सुटलेला मॉनिटर घेऊन आला,
लेकरासारखा पोटाशी धरून.
सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस रेघा, बाई,
आजकालचे याच्या दुप्पटीखाली बोलतच नाहीत.
पैसे मोजले, चहा घेतला नाही.

वीस मिनिटं कॅसेट कुरकुरली.
मग रंग आले.
आभाळ तपकिरी.
गवत, का कोण जाणे, गुलाबी.
आणि दार जांभळं.
तारणारं जांभळं, मारणारंही जांभळंच,
एक जरा गडद.

तिनं बेर्गेनला फोन लावला.
जांभळं, ती म्हणाली.
पलीकडे गोदीतला घणाचा ठोका,
मग काहीच नाही.
फोन तुटला की काय,
पाल चुकचुकली मनात.

खाली एक गोल बटण असेल बघ, गेरार्ड म्हणाला.
रंगाचं. ते शून्यावर आण.
शेजारचं आवाजाचं. तेही.

तिनं फिरवलं.
आभाळातून तपकिरी उतरत गेलं,
गवत विझलं.
आज वार कोणता? त्यानं विचारलं.
मंगळवार.
मग हिरवं, जा.

तिनं उडी मारली.
टुक,
बेर्गेनहून,
अर्धा सेकंद उशिरा.